फुकटच्या काठीचा निवाडा

माझा फोन माझं जेवढं अभिनंदन करतो तेवढं आजवर कुणीच केलेलं नाही. नोकरी लागली तेव्हा वडील म्हणाले होते, "लागली एकदाची." लग्न ठरलं तेव्हा मित्र म्हणाले, "मुलीला नीट विचारलंय ना?" आणि हा फोन! उशीचे दोन अभ्रे मागवले की पडद्यावर रंगीत कागदांचे तुकडे उडतात, ढोल वाजतो आणि अक्षरं नाचत येतात: 'वाह! तुम्ही कॉइन जिंकलात!' मी काहीही जिंकलेलं नसतं. अभ्रे घेतलेले असतात. पण आता या वयात कोण वाह म्हणतं, म्हणून मीही गप्प बसून ऐकून घ्यायचो.

लातूरला आमची इमारत क्लासवाल्यांच्या गल्लीत आहे. वरच्या मजल्यांवर पोरांच्या डॉक्टरकीच्या तयारीसाठी गाव सोडून आलेल्या आया भाड्याने राहतात. नवरे गावी शेती बघतात, पोरं क्लासला जातात, आया डबे करतात. या सगळ्यांना ऑनलाइन वस्तू हव्या असतात आणि सगळ्यांना ओटीपीची भीती वाटते. कुणाच्या तरी मावसभावाच्या खात्यातून पैसे गेल्याची गोष्ट प्रत्येकीकडे आहे. म्हणून मग, "गुरुजी, जरा तुमच्या फोनवरून मागवून द्या की." मी शाळामास्तर, नाही म्हणायची सवय नाही. अभ्यासाची टेबलं, कुकरच्या शिट्ट्या, मच्छरदाण्या, माझ्या बायकोच्या शिवणकामाचं अस्तर आणि चेन, सगळं माझ्याच खात्यावरून येई. ज्याचे त्याचे पैसे तो मला रोख देई आणि कॉइन माझ्या खात्यात साचत. ते कुणी दिले, का दिले, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. घरी पाहुणा मिठाई घेऊन आला तर आपण हलवायाचा पत्ता विचारतो का?

हा प्रश्न विचारला माझ्या बहिणीने.

आपा माझ्यापेक्षा मोठी, नांदेडला असते. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, म्हणजे दुल्हेभाईंचं, मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला जायचं ठरलं तेव्हा घरात आनंदीआनंद झाला, फक्त तिच्या गुडघ्यांना तो झाला नाही. काब्याभोवतीच्या फेऱ्या, पुढे दोन टेकड्यांमधलं चालणं, रांगा. चालणं तिला जमतं, पण मध्ये मध्ये टेकावं लागतं, आणि चाकाच्या खुर्चीचं नाव काढलं की ती म्हणते, "मला अजून पाय आहेत." तेव्हा मला ॲपवर ती काठी दिसली. चालताना काठी आणि घडी उघडली की तिपाई, वर बसायला छोटं आसन. मी खात्यात बघितलं तर साचलेल्या कॉइनमध्ये ती अख्खी बसत होती. मी बटण दाबलं, ढोल वाजले, कागद उडाले. काठी आली ती घेऊन मी आधी अहमदपूरच्या आणि मग नांदेडच्या बसमध्ये बसलो, आपाच्या दिवाणखान्यात उभा राहिलो आणि जादूगारासारखी काठीची तिपाई करून दाखवली.

आपा बसली. उठली. पुन्हा बसली. तिच्या चेहऱ्यावर मला हवा होता तसाच आनंद आला.

"किती पडले रे?"

इथे साध्या माणसाने एखादा आकडा सांगितला असता. मला टाळ्या हव्या होत्या.

"एक रुपया नाही! फुकट आली."

आपा उठून उभी राहिली. काठी मिटली. भिंतीला टेकवून ठेवली, जशी पाहुण्याची विसरलेली छत्री ठेवतात.

"फुकट कोण देतं? का देतं?"

"आपा, कॉइन असतात. खरेदी केली की मिळतात."

"व्याज आहे का ते?"

"छे!"

"जुगार?"

मला ते गोल चक्र आठवलं, जे मी रोज सकाळी चहाबरोबर फिरवतो. माझं 'छे' जरा उशिरा आलं, आणि माझी बहीण माझ्या उशिरा येणाऱ्या उत्तरांवरच मोठी झाली आहे.

"नक्को," ती म्हणाली. आमच्या घरी दखनी चालते, इथे तिचं बोलणं मी मराठीत देतोय, पण हा नक्को आहे तसाच ठेवला पाहिजे, कारण त्याला कुठल्याच भाषेत उलट उत्तर नाही. "मी घरोघर जाऊन माफी मागत फिरतेय, कुणाचं काही माझ्याकडे राहू नये म्हणून. आणि अल्लाच्या घरी संशयाची काठी टेकवत जाऊ? विचारून ये. साफ असेल तर नेईन, नाही तर गुडघे जाणे नि मी जाणे."

निघायला फारसे दिवस नव्हते. नांदेडच्याच एका मदरशात धर्मशास्त्राचे निवाडे देणारे मुफ्तीसाहेब बसतात, मी तडक तिकडे गेलो. मला वाटलं होतं, पांढरी दाढी, जाड चष्मा, ऑनलाइन म्हणजे काय हे मी त्यांना समजावून सांगेन, ते कौतुकाने ऐकतील. समोर बसला होता माझ्या माजी विद्यार्थ्यांच्या वयाचा एक तरुण, काळीभोर दाढी, पुढ्यात लॅपटॉप आणि कोपऱ्यात माझ्याच ॲपवरून आलेलं, अजून न फोडलेलं खोकं.

"कॉइन कशावर मिळाले, मास्टरसाहेब?"

"खरेदीवर."

"की आधी वॉलेटमध्ये पैसे ठेवले म्हणून? काही ठिकाणी रक्कम ठेवली की वर काही देतात. ठेवलेली रक्कम एका अर्थी तुम्ही त्यांना दिलेलं कर्ज. कर्जावर ठरवून फायदा घेतला तर तो सूदच, म्हणजे व्याजच झालं, नाव कॉइन असलं तरी."

"नाही, मी वॉलेट भरतच नाही. माल आला की दारात पैसे."

"छान. चक्र फिरवता?"

माझी नजर खोक्याकडे गेली. "फिरवतो. पण त्याला पैसे लागत नाहीत."

"त्यासाठी पैसे भरले असते, किंवा तेवढ्यासाठीच नको ती खरेदी केली असती, तर जुगाराचा वास आला असता. खिशातलं काही पणाला लागत नाही तिथे पुष्कळजण हरकत घेत नाहीत. काही उलेमा म्हणतात, तरीही दूर राहा. मीही तेच म्हणेन, सवय चांगली नाही. काय मिळालं चक्रातून?"

"आजवर? 'पुढच्या वेळी नशीब आजमावा.'"

ते हसले. म्हणाले, उरले खरेदीवरचे कॉइन. विकणाऱ्याने आपल्या बाजूने गिऱ्हाइकाला दिलेली सूट किंवा भेट असेल तर त्यात वाईट काही नाही. फक्त ते देतं कोण, विकणारा, कंपनी की मध्ये एखादी व्याजावर चालणारी संस्था, एवढं खात्री करून घ्या.

एवढं! मी लातूरला परत येऊन खात्री करायला बसलो. ॲपच्या मदत खिडकीत लिहिलं, 'तुमचे कॉइन कोण देतं?' उत्तर आलं, 'तुमची ऑर्डर कुठे आहे हे जाणून घ्यायचं आहे का?' मी लिहिलं, 'नाही.' उत्तर आलं, 'आम्हाला आनंद आहे की तुमचा प्रश्न सुटला!' आणि कागदाचे तुकडे उडाले. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा उडाले. माझ्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा पोरगा यापेक्षा मुद्द्याला धरून उत्तरं देतो. शेवटी खऱ्या माणसाचा आवाज मिळवण्यासाठी मी एवढा वेळ बासरी ऐकली की घरातली मांजर उठून गेली. फोनवर एक गोड मुलगी आली, हिंदीत.

"सर, आपको कॉइन नहीं मिले?"

"मिले. किसने दिये, ये पूछना है."

"सर, आपने ही कमाए हैं."

"वो ठीक है बेटी, पर ये कंपनी की तरफ से हैं या किसी बँक की?"

तिने फोन होल्डवर टाकला. मग बासरी. मग कुणी तरी वरिष्ठ आले आणि त्यांनी सांगितलं की खरेदीवरचे कॉइन कंपनी आपल्या जाहिरातीच्या खर्चातून देते, बँकेचा संबंध फक्त कार्डवाल्या योजनेत. मी जिंकलो! आणि तेवढ्यात ते म्हणाले, "सर, आपको हुई तकलीफ के लिए हम आपके खाते में और कॉइन डाल रहे हैं."

"नको!" मी मराठीतच ओरडलो. "नका टाकू!" पण ढोल वाजला होता.

म्हणजे एका प्रश्नाचं उत्तर आणायला गेलो आणि दुसरा प्रश्न खात्यात जमा झाला. खरेदी नाही, चक्र नाही, हे कॉइन तर वैतागाबद्दल मिळाले होते. वैताग हलाल असतो का? मी मुफ्तीसाहेबांना फोन लावला. हे नवे कॉइन सरळ भेट आहेत, ठेवून घ्या, असं म्हणून ते खो खो हसले आणि सहज, अगदी सहज त्यांनी विचारलं, "पण मास्टरसाहेब, काल आपांचाही फोन आला होता, त्या सांगत होत्या की तुम्ही सगळ्या इमारतीसाठी मागवता. मग खरेदी कुणाची होती?"

"म्हणजे? माझ्या खात्यावरून."

"पैसे?"

"ज्याचे त्याचे."

"मग तुम्ही त्यांच्या वतीने खरेदी करणारे. माल त्यांचा, सूटही त्यांची. कॉइन साफ आहेत. फक्त ते तुमचे नाहीत."

मी खाली बसलो. बायको शिवणयंत्रावर होती. तिने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

वाट दोनच, ते म्हणाले. ज्याचं त्याला द्या, नाही तर त्यांना सांगून खुशीने सोडवून घ्या. द्यायचं तर कुणाला किती? ॲप सगळं एकत्र दाखवतं, मच्छरदाणीचे कुठले आणि टेबलाचे कुठले हे त्याच्या निर्मात्यालाही सांगता येणार नाही. काठी परत करावी म्हटलं तर कॉइनवर घेतलेली वस्तू परत होत नाही. पैसे मोजून दुसरी घ्यावी म्हटलं तर 'सध्या उपलब्ध नाही'. लातूरच्या बाजारात हिंडलो. साधी काठी होती, चार पायांची होती, एका दुकानदाराने मला क्रिकेटचा स्टंप दाखवला. बसायची काठी कुठेच नव्हती. उरली खुशी.

मी वरच्या मजल्यावरच्या काकूंपासून सुरुवात केली. त्या रेणापूरकडच्या, लेकीच्या क्लाससाठी आलेल्या. मी दारात उभा राहून शाळेच्या स्नेहसंमेलनात करतो तशी प्रस्तावना केली. कॉइन म्हणजे काय, ते कसे येतात, कुणाचे असतात. काकूंनी लाटणं हातात धरूनच ऐकलं.

"म्हंजे आमच्या पोरीच्या टेबलावर बी मिळाले?"

"हाव काकू, तेच सांगून राहिलो."

"आन् कुकरवर बी?"

"त्याच्यावर बी."

"आन् ते तुम्ही ठिवून घेतले?"

"ठेवले नाहीत, साचले."

"लई चांगलं साचलं की गुरुजी! इतके दिवस बोललाव न्हाई ते." त्यांनी लाटण्याने समोरचं दार वाजवलं. "अगं ए, ऐकलंस का? गुरुजीकडं आपले पैसे हायेत!"

आता सांगा, यात माझी काय चूक? या कॉइनबद्दल इमारतीत कुणाला काही माहीत नव्हतं. चोर कधी दारोदार जाऊन सांगतो का? मी सांगितलं, तर पाच मिनिटांत जिन्यात सभा भरली. एकीला मच्छरदाणीचे हवे होते. एकीला वाटलं दरमहा मिळतात. जिने कधी काही मागवलंच नव्हतं, तिनेही विचारलं, "आम्हाला न्हाई का मिळत?" मी ओरडून ओरडून सांगत होतो की पैसे नाहीत, कॉइन आहेत, आणि कॉइनही नाहीत, काठी आहे!

"काठी?" काकू थांबल्या. "कसली काठी?"

मग मी आपाचं सांगितलं. उमरा, गुडघे, मध्ये मध्ये टेकणं. काकूंनी लाटणं खाली केलं.

"मंग हे आधी सांगायचं सोडून तिकडचं पुराण लावलं व्हय?" काकू म्हणाल्या. "गुडघ्याचं मला इचारा. जा, दिलं आमच्याकडचं. खुशीनं दिलं म्हणून सांगा त्यांना. आन् देवाच्या दारी जाऊन राहिल्या तर माझ्या पोरीच्या परीक्षेचं बी सांगा म्हणावं." मागून सगळ्यांचं दिलं, दिलं सुरू झालं. ज्या बाईने काही मागवलं नव्हतं तिनेही दिलं. तिचा मुलगा आजारी असतो, त्याचं नाव तिने मला दोनदा सांगितलं.

मी विजयी वीरासारखा खाली आलो. "झालं!" मी म्हणालो. "सगळी इमारत राजी."

यंत्र थांबलं.

"सगळी?" बायको म्हणाली. "मला कधी विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तू घरचीच."

"अस्तर कुणी मागवलं? चेनचे डबे? यंत्राची मोटर? सगळ्यात जास्त माल माझा आहे आणि माझ्या शिलाईच्या पैशाचा आहे. काठीचे दोन पाय माझे आहेत, तिसऱ्यात बाकीची इमारत."

"बरं, मग दे माफी. आपासाठीच आहे."

"नाही देत."

हे समजायला थोडं मागचं सांगितलं पाहिजे. बायकोने एकदा आपासाठी कुर्ता शिवला होता, मन लावून. आपाने तो उसवून नांदेडच्या शिंप्याकडून पुन्हा शिवून घेतला. बाह्या तंग होत्या, असं आपाचं म्हणणं. तेव्हापासून दोघींमध्ये ईदला शिरखुर्मा जातो-येतो आणि त्याच्यापुढे काही नाही. मी मध्ये पडून पाहिलं आहे. कात्रीच्या दोन पात्यांमध्ये पडण्याचा तो अनुभव आहे.

मी रागावलो. म्हणालो, नवरा-बायकोत कसला आलाय हिशोब. ती म्हणाली, मुफ्तीसाहेबांनाच विचारा, बायकोची कमाई कुणाची. मी खरंच फोन लावला. "तिची," ते म्हणाले. "पूर्ण तिची. मास्टरसाहेब, हे विचारायला फोन केलात?" त्यांच्या मागे कुणीतरी हसलं.

मी तिला म्हणालो, "मग आपाला काठीशिवाय जाऊ दे, पडू दे." ती उठून स्वयंपाकघरात गेली. जेवणात मीठ कमी होतं आणि मी ते मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती तयार होऊन बसलेली, बुरखा चढवलेला, मांडीवर पिशवी.

"कुठे?"

"नांदेडला. माफी देणार नाही म्हणाले, काठी देणार नाही असं कुठे म्हणाले? तुम्ही माझी वस्तू माझ्या नणंदेला तुमच्या नावाने दिलीत. मी माझ्या हाताने देईन."

मी बसमध्ये तिच्याशेजारी बसून सगळी वाट आपाच्या प्रश्नांची उत्तरं घोकत होतो. व्याज नाही कारण, जुगार नाही कारण, इमारत राजी कारण. आपाच्या घरी माणसांची रीघ लागलेली, प्रत्येकजण दुआ करा म्हणत होता, आपा प्रत्येकाची माफी मागत होती. काठी अजून भिंतीलाच. बायकोने ती उचलली, पिशवीतून हिरव्या कापडाची खोळ काढली, खांद्याला अडकवायला पट्टा असलेली, तिला तंतोतंत बसणारी. एकदाच बघितलेल्या काठीचं माप हिने कधी घेतलं होतं, अल्ला जाणे. काठी खोळीत सरकवून तिने आपापुढे धरली.

"आपा, ही माझ्याकडून."

मी घसा साफ केला. माझी वेळ आली होती.

आपाने खोळीची शिवण बोटाने चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "दुल्हन," ती म्हणाली, "त्या कुर्त्याच्या बाह्या तंग नव्हत्या. माझेच दंड सुजले होते तेव्हा. कहा-सुना माफ कर."

"झालं ते," बायको म्हणाली आणि दोघी रडायला लागल्या. काठी आपाने खांद्याला अडकवली. बस. कुठून आली, कोण देतं, का देतं, एक शब्द नाही! मी मदरशाच्या पायऱ्या झिजवल्या, बासरी ऐकली, जिन्यात तमाशा करून घेतला, आणि हिला एक प्रश्न नाही!

"आपा," मी न राहवून म्हणालो, "हलाल आहे का ते विचारायचं नाही?"

"दुल्हनने दिली ना?" आपा म्हणाली. "ती तुझ्यासारखी फुकट आली म्हणत नाही." मग काठी टेकवत दोन पावलं चालून दाखवली, आणि फरशीवर काठीचं टोक सरकन घसरलं. सगळे ओरडले. खालचं रबर गुळगुळीत होतं.

बघा, माझी वेळ आलीच. माझ्या खात्यात वैतागाचे कॉइन पडून होते, निर्विवाद माझे, मुफ्तीसाहेबांनी माझेच म्हणून ठरवून दिलेले. तिथेच उभ्याउभ्या मी त्यांत काय येतं ते शोधलं. काठी येत नव्हती, खोळ येत नव्हती. येत होतं काठीखालचं खरबरीत रबर. निघायच्या आदल्या दिवशी ते नांदेडच्या पत्त्यावर पोचलं, दुल्हेभाईंनी बसवलं.

तिकडून आपाचा रेकॉर्ड केलेला निरोप फोनवर आला तो सगळा बायकोसाठी. फेऱ्या पूर्ण झाल्या, मध्ये टेकले, दुल्हनसाठी पोटभर दुआ केली, वरच्या काकूंच्या पोरीसाठी केली, त्या आजारी मुलाचंही नाव घेतलं. आम्ही दोघे यंत्राजवळ बसून ऐकत होतो. संपत आलं तेव्हा मागून गर्दीचा गलका वाढला आणि त्यातून आपा ओरडून म्हणाली, "आणि मास्टरला सांग, संगमरवर ओला आहे, पण रबर घसरत नाही."

बायकोने ते मला पुन्हा वाजवून दाखवलं. मग पुन्हा यंत्र सुरू केलं. वरून काकूंची हाक आली, लेकीच्या टेबलाला दिवा पाहिजे, जरा मागवून द्या, आणि कॉइन किती येतात ते आधी सांगा.